रील नको, जनरेटर दाखवा

प्रश्न : धुळ्यात आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव मे महिन्यात आहे. जळगावच्या दोन इव्हेंटवाल्यांची कोटेशन आली आहेत. एक लाखभराने स्वस्त. काम कोणाला द्यावे?

उत्तर : आधी मे महिना बदला! तेव्हा खान्देशात पारा 44-45 अंशांवर असतो. अमळनेरचे 97 वे साहित्य संमेलन 2 ते 4 फेब्रुवारी 2024 ला झाले, तसे थंडीचे दिवस धरा.

रील दोघांचीही देखणीच असतील. त्यापेक्षा त्यांचे चालू काम बघायला भरदुपारी, उभारणीच्या वेळी, न सांगता जा. वायरचे जोड टेपने गुंडाळलेत की पायाखाली उघडे पडलेत? जनरेटरला अर्थिंग आहे? माणूस तिथेच कळतो. मंडप, लाइट बहुतेक जण भाड्यानेच आणतात, त्यात गैर नाही. पण माईक बंद पडला तर धावायचे कोणी, ते नावानिशी लिहून घ्या. ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी कोण काढणार, हेही. रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर बंद, म्हणजे सत्कार लांबले की ऑर्केस्ट्रा गेलाच. अध्यक्षांना भाषण आवरायची चिठ्ठी देण्याची हिंमत असलेला माणूस मी लाखभर जास्त मोजूनही घेईन.

आणि स्वस्तवाल्याला विचारा, डिझेल, जीएसटी, कामगारांचे जेवण धरले आहे का? फरक बहुधा तिथेच निघेल.