घरातला क्रोटन

क्रोटनला फुले येतात, हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. लांब दांड्यावर ओळीने लागलेली ती बारीक, पांढुरकी फुले पानांच्या वैभवापुढे कोण पाहणार? हिरवे, पिवळे, नारिंगी, लाल अशी नाना रंगांची पाने एकाच झाडावर नांदतात. एखाद्या जातीचे पान रुंद, एखादीचे अरुंद, तर एखादीचे चक्क मळसूत्रासारखे पिळलेले असते.

इंडोनेशिया, न्यू गिनी व त्यांच्या आसपासची उष्ण, दमट बेटे हे या झाडाचे माहेर. क्रोटन हे नाव मात्र त्याला चुकून चिकटले आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला ‘कोडिएम’ म्हणतात. खऱ्या क्रोटन कुळीतील वनस्पती म्हणजे आपला जमालगोटा! दोन्ही एरंडाच्या कुलातील, एवढेच त्यांचे नाते.

अंगणातील उन्हात रंगलेली अशी कुंडी दिवाळीला हौसेने बैठकीच्या खोलीत आणली जाते. आठवडा जातो न जातो तोच पाने गळू लागतात. झाड तहानलेले असेल, असे समजून घरातील प्रत्येक जण येताजाता तांब्याभर पाणी ओततो. वास्तविक झाडाला उणीव भासत असते ती उजेडाची. लख्ख उन्हात वाढलेली पाने अंधुक खोलीत पुरेसे अन्न तयार करू शकत नाहीत. म्हणून झाड ती टाकून देते. पाने कमी झाली, की त्याला पाणीही कमी लागते. नेमके त्याच वेळी ते अधिक मिळते आणि मुळे कुजतात. बहुतेक क्रोटन अशा मायेनेच मरतात.

रंगाचे रहस्यही उजेडातच आहे. भरपूर प्रकाशात पानांतील लाल व पिवळी द्रव्ये खुलून दिसतात. प्रकाश अपुरा पडला, की नवी पाने हिरवीच निघतात. शोभेसाठी झाड घरात आणावे आणि घरात आल्यामुळेच त्याची शोभा जावी, असा हा पेच आहे! म्हणून कुंडी एकदम आत न आणता काही दिवस ओसरीवर ठेवावी. मग सकाळचे ऊन येणाऱ्या खिडकीशी तिची कायमची जागा ठरवावी. ती पुन्हा पुन्हा हलवू नये.

मातीत बोटाचे एक पेर खुपसून पाहावे. वरची माती कोरडी लागली तरच पाणी घालावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसावीत. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी नावाचे सूक्ष्म जीव बारीक जाळी विणतात. तेही या पुसण्याने आटोक्यात राहतात. कडाक्याच्या थंडीत रात्री खिडकी लावून घ्यावी.

फांदी मोडल्यास चीक निघतो. त्याने कातडीची आग होऊ शकते व कपड्यांवर डाग पडतात. झाडाचा कोणताही भाग तोंडात घालणे तर अपायकारकच. हात धुवावेत आणि कुंडी रांगत्या मुलांपासून दूर ठेवावी.

सगळी पाने गळाली, तरी कुंडी लगेच उकिरड्यावर रिकामी करू नये. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे. त्याला उजेडात ठेवावे, पाणी बेताचे द्यावे आणि वाट पाहावी. काही आठवड्यांनी त्याच उघड्या खोडावर कोंब दिसू लागतात.