अतिवेगवान चाचणी-मार्गावरील लेप : खर्च आणि उपयुक्तता

लोखंडाला लेप द्यावयाचा तो गंजापासून बचाव करण्यासाठी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात हॉलोमन येथील हवाई तळावर जो चाचणी-मार्ग आहे, त्याच्या बाबतीत ती अपुरी ठरते. तेथील हवा वाळवंटी व कोरडी असल्याने गंज हा काही रुळांचा मोठा शत्रू नव्हे. सुमारे साडेपंधरा किलोमीटर लांबीच्या या मार्गावरून चाके नसलेल्या गाड्या रॉकेटच्या रेट्याने घसरत जातात. मार्ग बराच आखूड होता त्या काळात, १९५४ साली, डॉ. जॉन स्टॅप यांनी स्वतः अशा गाडीत बसून ताशी ६३२ मैलांचा वेग गाठला होता. ३० एप्रिल २००३ रोजी एका मानवरहित गाडीने ताशी ६,४५३ मैल, म्हणजे सेकंदाला सुमारे २.९ किलोमीटर, इतका वेग गाठला.

या गाड्या रुळाचा माथा कवटाळून धरणाऱ्या पोलादी जोड्यांवर घसरतात. इंग्रजीत त्यांना ‘स्लिपर’ म्हणतात. आगगाडीच्या रुळांखालील स्लीपरांशी त्यांचा काही संबंध नाही. वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास गेला, की रुळावरील बारीकसा उंचवटाही जोड्यावर प्रचंड दाबाने आदळतो. त्या ठिकाणी दोन्हींचे पोलाद क्षणभर पातळ पदार्थासारखे वाहू लागते आणि रुळावर अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा खळगा पडतो. लोह-ऑक्साइडयुक्त तांबडा लेप किंवा इपॉक्सी राळेचा लेप देतात तो मुख्यतः हे खळगे टाळण्यासाठी. पोलादाशी पोलाद भिडण्यापूर्वी आघात मऊ थराने सोसावा, ही त्यामागील कल्पना होय.

मग स्वस्त लेप कोणता? डब्यावरील किंमत येथे फसवी असते. दोन्ही रुळांवर २० सेंटिमीटर रुंदीचा व ०.१५ मिलिमीटर जाडीचा थर द्यावयाचा असे धरले, तरी सुकलेल्या लेपाचे घनफळ हजार लिटरांपेक्षा कमीच भरते. खरा खर्च रूळ खरवडून स्वच्छ करण्याचा आणि मजुरीचा. समजा, साध्या लेपाला १ रुपया, सफाईला ८ रुपये पडतात आणि तो एकच चाचणी टिकतो. तर दर चाचणीस ९ रुपये झाले. तिप्पट किमतीचा लेप दोन चाचण्या टिकला, तर तोच खर्च साडेपाच रुपयांवर येतो. मात्र या भारी लेपाला दुप्पट खर्चाची सफाई लागत असेल, तर हिशेब साडेनऊ रुपयांवर जाऊन उलटतो!

शिवाय संपूर्ण मार्गाला एकच लेप देण्याचा आग्रह आम्हांस अनाठायी वाटतो. गाडी निघते तेथे वेग अल्प असतो; त्या भागात खळग्यांपासून वाचविणारा महाग लेप म्हणजे निव्वळ उधळपट्टी. जेथे वेग ती मर्यादा ओलांडतो, तेथे मात्र रूळ बदलण्याचा किंवा गाडीच गमावण्याचा खर्च विचारात घेतला, तर भारी लेपही महाग म्हणता येत नाही. थर जाड दिला म्हणजे संरक्षण वाढेलच, असेही नाही. जोडा आणि रूळ यांमधील फट अगदी थोडी असते आणि ओघळून सुकलेला लेप हाच नवा उंचवटा होऊन बसतो.