चि. मृणालला, तिकिटाच्या निमित्तानं



नगरपरिषदेच्या तिकिटासाठी तुझ्याकडे दोघं-तिघं येऊन गेल्याचं ताईनं सांगितलं. डॉक्टर उमेदवार कुणाला नको असतो? ओपीडीतल्या ओळखी म्हणजे आयती मतं. तू उभी राहा किंवा राहू नकोस, यातलं काहीच मी सांगणार नाही. पण होकार देण्याआधी ल्यूक ब्लॅकबर्नची हकीकत ऐक.

हा अमेरिकेतल्या केंटकीचा डॉक्टर, जन्म १८१६चा. पुढे तो मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावी गेला. १८४८ साली पिवळ्या तापाची साथ आली, तेव्हा त्यानं बोटींवर कडक क्वारंटाइन बसवून गाव राखलं. नदीवरून बाजार भरणाऱ्या व्यापाऱ्यांना तोंड देऊन असं करायला किती धमक लागते, हे तू जाणतेस.

मग यादवी युद्ध आलं आणि गडी दक्षिणेचा कट्टर पाठीराखा झाला. १८६४मध्ये बर्म्युडात पिवळ्या तापाची साथ होती. तिथं तो मदतीला धावून गेला आणि त्यानं रुग्णांची सेवा केली. त्याच रुग्णांचे काळ्या उलटीनं माखलेले सदरे, चादरी त्यानं ट्रंकांत भरल्या आणि ताप पसरावा म्हणून उत्तरेतल्या शहरांत विकायला धाडल्या, अशी त्याच्याच हस्तकानं साक्ष दिली. हस्तकाला ठरलेले पैसे मिळाले नव्हते, म्हणून तो फुटला! टोरंटोत खटला चालला, पण ट्रंका त्या कोर्टाच्या हद्दीत आल्याच नव्हत्या, त्यामुळे डॉक्टर सुटला. इतिहासकार बहुतेक हा कट खराच मानतात. मीही मानतो.

त्या कपड्यांनी कुणालाच ताप आला नाही. पिवळा ताप डासानं पसरतो, हे कार्लोस फिनले यांनी १८८१ साली मांडलं. १९००मध्ये क्युबात वॉल्टर रीड यांच्या तुकडीतले स्वयंसेवक रुग्णांच्या घाणेरड्या अंथरुणात रात्रीच्या रात्री झोपले आणि ठणठणीत राहिले. म्हणजे ब्लॅकबर्नच्या हातून हत्याकांड झालं नाही, ते केवळ त्या काळच्या अज्ञानामुळे. यात त्याची पुण्याई काडीची नाही.

आता पुढचं ऐक. १८७८ साली केंटकीतल्या हिकमन गावात हाच ताप आला. ब्लॅकबर्न गव्हर्नरपदाचा उमेदवार होता. प्रचार सोडून तो रुग्णांपाशी गेला. पुढच्या वर्षी भरघोस मतांनी निवडून आला. केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या तुरुंगात तेव्हा कोठड्यांपेक्षा कैदी जास्त आणि कोठडीची रुंदी चार फूटही नाही. विधिमंडळ चालढकल करतंय म्हटल्यावर त्यानं माफीचा सपाटा लावला, हजारांहून जास्त जणांना. वर्तमानपत्रं तुटून पडली, पक्षाच्या अधिवेशनात त्याची हुर्यो झाली, पण त्यानं माघार घेतली नाही. फ्रँकफर्टला त्याच्या थडग्यावर ‘द गुड समॅरिटन’ असं कोरलंय. येशूच्या त्या दृष्टांतातला माणूस परक्या जातीच्या जखमीला उचलून नेतो. ट्रंका आठवल्या की ते वाचताना मला कसंसंच होतं.

लोक विचारतात, खरा ब्लॅकबर्न कोणता? मला तो प्रश्नच फोल वाटतो. दोन्ही खरे. धीट, कनवाळू माणूस होता. फक्त युद्धात पलीकडची माणसं त्याच्या लेखी रुग्ण उरली नाहीत. तुला कुणी ट्रंका भरायला सांगणार नाही गं. पण ‘त्या गल्लीनं आपल्याला मत दिलं नाही, तिथली फवारणी पुढच्या आठवड्यात बघू’ एवढं नक्की सांगतील, आणि तेही चहा पिता पिता. पिवळा ताप पसरवणारा एडिस डासच आपल्याकडे डेंग्यू पसरवतो, हे तुला मी काय सांगू! त्या क्षणी तू नगरसेविका असशील की डॉक्टर, हे आत्ताच ठरव. तेव्हा विचाराला सवड मिळत नाही.

ती मंडळी परत आली की तिकिटाचं बोलण्याआधी विचार, फवारणीची यादी आरोग्य विभाग करतो की नगरसेवक. काय म्हणतात ते फोनवर सांग. मला सध्या कानानं कमी ऐकू येतं, तेव्हा मामीला सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
मामा