जुना फवारणी ड्रोन विकत घेताना घ्यावयाची खबरदारी

बैलबाजारात जाणारा शेतकरी बैलाच्या रंगावर किंवा झुलीवर भाळत नाही. तो दात पाहतो, चाल पाहतो आणि शक्य झाल्यास औताला जुंपूनही पाहतो. फवारणीचा जुना ड्रोन घेताना हीच दृष्टी ठेवली पाहिजे. यंत्र पुसून चकचकीत करता येते. परंतु थकलेली बॅटरी व टाकीत राहिलेले विष वरून दिसत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी पुढील तपासणी क्रमाने करावी.

१. कागदपत्रे : ड्रोन नियम, २०२१ अन्वये अशा ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक असावा लागतो. तो विक्रेत्याच्या नावे आहे काय आणि यंत्रावरील अनुक्रमांक नोंदीशी जुळतो काय, हे प्रथम पाहावे. मालकी बदलाची नोंद नमुना डी-३ मध्ये करावी लागते. ती झाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. यंत्र शासकीय अनुदानातून घेतलेले असल्यास त्याच्या विक्रीवर काही अटी आहेत काय, याची कृषी कार्यालयात चौकशी करावी.

२. सांगाडा व मोटारी : प्रथम बॅटरी काढून ठेवावी. हातांच्या घड्या उघडून सांधे ढिले झाले आहेत काय व नळ्यांना बारीक तडे आहेत काय, हे उजेडात पाहावे. तडा गेलेले पाते चालवू नये. प्रत्येक मोटार हाताने सावकाश फिरवावी. खरखर जाणवल्यास अथवा ती वरखाली हलत असल्यास आतील बेअरिंग झिजले आहे असे समजावे. औषधाच्या तुषारांमुळे तारांच्या जोडांवर पांढरी किंवा हिरवी पुटे चढतात, तीही पाहावीत.

३. बॅटरी : फुगलेली बॅटरी कोणत्याही किमतीस घेऊ नये, तिला आग लागण्याचा धोका असतो. ती चार्ज करू नये, टोचूही नये. चांगली दिसणारी बॅटरी आपल्यासमोर पूर्ण चार्ज करवून घ्यावी. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर सामान्यतः ४.२ व्होल्ट दाखवितो. म्हणजे सहा सेलच्या बॅटरीत २५.२ व्होल्ट भरतात. तासाभराने प्रत्येक सेल पुन्हा मोजावा. एखादा सेल इतरांपेक्षा स्पष्टपणे मागे राहिल्यास ती बॅटरी कामाच्या भरात दगा देण्याचा संभव असतो.

४. टाकी व नोझल : विक्रेत्याने पूर्वी कोणती औषधे फवारली, हे अवश्य विचारावे. २,४-डी या तणनाशकाचा अल्पसा अंशही कपाशी व द्राक्षवेलीस अपाय करतो. त्यामुळे टाकी, नळ्या, गाळणी व नोझल धुवून घेतल्याविना ते यंत्र अशा पिकांत नेऊ नये. धुताना हातमोजे वापरावेत व ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नये. त्यानंतर टाकीत स्वच्छ पाणी भरून प्रत्येक नोझलखाली मापाचे भांडे धरावे व एक मिनिट पाणी सोडावे. एखाद्या नोझलचे पाणी सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी-जास्त भरल्यास ते नोझल साफ करावे वा बदलावे. अन्यथा पिकाच्या एका पट्ट्यास औषध कमी व दुसऱ्यास जादा पडेल.

५. उड्डाण : चाचणी परवानाधारक वैमानिकाकडूनच, उड्डाणास मोकळीक असलेल्या क्षेत्रात व माणसांपासून दूर घ्यावी. प्रथम टाकी रिकामी ठेवून आणि नंतर पाणी भरून यंत्र उडवावे. दांड्या सोडल्यावर ते जागेवर स्थिर राहिले पाहिजे. पडद्यावरील चित्र उन्हातही स्पष्ट दिसले पाहिजे. यंत्राबरोबर चित्र पाहण्याचा चष्मा मिळत असल्यास त्याच्या आतील पडद्यावर डाग आहेत काय, हेही पाहावे. भिंगे सूर्याकडे राहिल्यास पडदा कायमचा भाजतो. यंत्र उतरल्यावर बॅटरी काढून मोटारी तपासाव्यात. एकच मोटार इतरांपेक्षा फार तापली असल्यास तिच्यात दोष असण्याचा संभव असतो.

किंमत ठरविताना बदलाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या, पाती व नोझल यांचा खर्च वजा करावा. त्या आकड्यात नवीन यंत्राशी फारसे अंतर उरत नसेल, तर जुने घेण्यात फायदा नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या पाच बाबींचा एक तक्ता तयार ठेवावा व खरेदीच्या वेळी शेतकऱ्याबरोबर बसून तो भरावा. ज्या विक्रेत्यास ही तपासणी मान्य नसेल, त्याच्याकडून यंत्र घेऊ नये.