टुंड्रावरील साठ दिवस

गेल्या हिवाळ्यांत आम्ही वरच्या वर्गांतील कांहीं मुलांस मुंबईच्या शिवडी येथील खाडीकांठीं पक्षी दाखविण्यास नेलें होतें. रोहित पक्ष्यांचा थवा पाहून सर्वजण हरखले. परंतु एका विद्यार्थ्याची दृष्टि चिखलांत सारखी चोंच खुपसणाऱ्या चिमणीएवढ्या पांखरांवर खिळली. "सर, ह्यांचीं घरटीं कोठें असतात?" त्यानें विचारिलें. हे टिलवे सैबेरियाच्या उत्तर टोंकास, टुंड्रावर अंडीं घालितात, असें सांगतांच दुसरा प्रश्न आला: "तेथें तर नुसतें बर्फ! मग पिलें खातात काय?" त्या दिवशीं उत्तर अपुरें राहिलें, तें येथें देत आहों.

टुंड्रा म्हणजे बारमाही बर्फाचें मैदान, ही समजूत खरी नव्हे. उत्तरध्रुववृत्ताच्याहि पलीकडे असलेल्या तैमिर द्वीपकल्पावर उन्हाळ्यांत सुमारें तीन महिने सूर्य मावळत नाहीं. जूनमध्यें बर्फ वितळून जमिनीचा वरचा वीत-दोन वीत थर मोकळा होतो. त्याखालची माती मात्र शेंकडों हात खोल कायमची गोठलेली असते. त्यामुळें पाणी मुरण्यास वावच नसतो. पाऊस आमच्या दुष्काळी तालुक्यांहूनहि कमी, तरी जिकडे तिकडे डबकीं व दलदल! झाडें नाहींत, शेवाळ, दगडफूल आणि जमिनीसरसे पसरणारे वाळुंज एवढीच वनस्पति. ड्रायस नांवाचें पांढरें फूल तर सूर्याबरोबर तोंड फिरवीत असतें. त्याच्या वाटीसारख्या पाकळ्यांत ऊन एकवटतें व ऊब घेण्यास माश्या येऊन बसतात.

हीं डबकीं म्हणजेच डासांचें आगर होय. त्यांच्या छळामुळें रेनडिअरांचे कळप वाऱ्याच्या टेंकड्यांवर किंवा उरल्यासुरल्या बर्फावर जाऊन उभे राहतात. पण रेनडिअरांस जो शाप, तोच पक्ष्यांच्या पिलांस वर! टिलव्यांची मादी पुष्कळदां दोन वेळां अंडीं घालिते; एका घरट्यावर नर बसतो, दुसऱ्यावर ती स्वतः. पिलांस कोणी घांस भरवीत नाहीं. अंड्याबाहेर येऊन अंग वाळतें न वाळतें, तोंच तीं स्वतः किडे टिपूं लागतात. म्हणून किड्यांची पंगत बसलेली असतांनाच जन्मास येणें हें त्यांच्या जीवनाचें मर्म आहे. ती पंगत थोड्याच दिवसांत उठते, आणि हिरवळीचा सारा काळहि जेमतेम साठ दिवसांचा.

दुसरी गोष्ट लेमिंगची. उंदराच्या जातीचा हा जीव तीन-चार वर्षांनीं अमाप वाढतो व मग एकाएकीं दिसेनासा होतो. लेमिंग पुष्कळ असतां कोल्हे व हिमघुबडें त्यांवर तृप्त राहतात; ते संपले कीं कोल्हा पक्ष्यांच्या घरट्यांकडे वळतो. वांकड्या चोंचीच्या तुतारीचीं पिलें दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कोणत्या वर्षीं किती उतरतात, हें सैबेरियांतील लेमिंगांवर अवलंबून असल्याचें अभ्यासकांस आढळलें आहे. कोठें कोल्हा, कोठें आफ्रिका!

आतां मात्र ह्या वेळापत्रकांतच बिघाड होत आहे. हॉलंडमधील यान फान खिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2016 सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. तैमिरांत 33 वर्षांत बर्फ वितळण्याची वेळ दरवर्षीं सुमारें अर्धा दिवस, म्हणजे एकंदर दोन आठवड्यांहून अधिक, अलीकडे सरकली होती. टिलव्यांचाच भाऊबंद असलेला नॉट नांवाचा पक्षी तितक्या लवकर अंडीं घालीत नाहीं. पिलें उशिरां येतात, तोंवर किड्यांचा बहर ओसरलेला असतो. ज्या वर्षीं बर्फ लवकर वितळलें, त्या वर्षींचीं पिलें पोलंडच्या किनाऱ्यावर पकडून मोजलीं, तेव्हां तीं अंगानें लहान व चोंचीनें आंखूड भरलीं.

हे पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेंतील मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर काढितात. तेथील मुख्य अन्न, म्हणजे शिंपले, वाळूंत खोल गाडलेले असतात. आंखूड चोंच तेथवर पोंचत नाहीं. मग अशा पांखरांस वरवरचे थोडे शिंपले व समुद्रगवताचीं मुळें ह्यांवरच दिवस काढावे लागतात, आणि त्यांतील पुष्कळ पहिल्याच वर्षीं मरून जातात.