शाखेतून फोन का लागत नाही?

प्रश्न : मुख्य कार्यालयात सिस्को कॉल मॅनेजर, शाखेत अ‍ॅस्टेरिस्क. मधल्या एसआयपी ट्रंकवरून शाखेत फोन लागतो. शाखेतून केला की सिस्कोकडून ‘४०४ नॉट फाउंड’ येतं. काय तपासावं?

उत्तर : नेटवर्कच्या मागे लागू नका. ४०४ आलं, म्हणजे कॉल सिस्कोपर्यंत पोहोचतोय. त्याला नंबर सापडत नाही. ट्रंकच्या पानावर ‘इनबाउंड कॉल्स’खाली कॉलिंग सर्च स्पेस पाहा. रिकामी असेल, तर तुमच्या एक्स्टेन्शनचं पार्टिशन जिच्यात आहे ती निवडा. तिथेच ‘सिग्निफिकंट डिजिट्स’ आहे. एक्स्टेन्शन चार आकडी असूनही अ‍ॅस्टेरिस्क आधी शाखेचा कोड लावून पाठवत असेल, तर तिथे ४ ठेवा. मग ट्रंक रीसेट करा, पण ऑफिस सुटल्यावरच. रीसेटने त्या ट्रंकवरचे चालू कॉल तुटतात.