मुलांची पाठदुखी : दप्तरापलीकडचा विचार

पाठदुखी हा प्रौढांचा, त्यातही दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा विकार आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. त्यामुळे पाच-सहा वर्षांचे मूल ‘पाठ दुखते’ असे म्हणू लागले की घरात बहुधा दोनच तर्क केले जातात. एक तर तो शाळा चुकविण्याचा बहाणा असावा, किंवा दप्तर फार जड झाले असावे. हे तर्क काही वेळा खरेही ठरतात. परंतु तेवढ्यावर समाधान मानल्यास एखाद्या गंभीर आजाराचे निदान लांबण्याचा धोका असतो.

दप्तराच्या ओझ्याची चर्चा आपल्या देशात जुनी आहे. ज्येष्ठ लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत हा प्रश्न पोटतिडकीने मांडला. त्यानंतर प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये आपला अहवाल सादर केला. केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. म्हणजेच २० किलो वजनाच्या मुलाचे दप्तर २ किलोपर्यंतच असावे. पूर्वप्राथमिक वर्गातील मुलांना तर दप्तरच नसावे. दोन्ही खांद्यांवर रुंद पट्टे घ्यावेत, जड पुस्तके पाठीलगत ठेवावीत आणि दप्तर कमरेखाली लोंबू देऊ नये.

हे पथ्य हितकारकच आहे. तथापि ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ६९ अभ्यासांचा परामर्श घेण्यात आला, त्यात दप्तरामुळे पाठदुखीचा धोका वाढतो, याचा खात्रीलायक पुरावा आढळला नाही. म्हणूनच दप्तर हलके करूनही दुखणे थांबत नसेल, तर कारण अन्यत्र शोधणे क्रमप्राप्त ठरते.

वयानुसार कारणे

पौगंडावस्थेत पाठदुखी बरीच आढळते आणि ती बहुधा स्नायूंच्या ताणामुळे होते. सतत पोक काढून बसणे, व्यायामाचा अभाव किंवा याउलट खेळाचा अतिरेक ही त्यामागची नेहमीची कारणे होत. कमरेवर वारंवार ताण येत असल्याने जलदगती गोलंदाजी आणि जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांच्या मणक्याला बारीक तडाही जाऊ शकतो.

लहान मुलांची गोष्ट निराळी आहे. दहा वर्षांखालील मुलांत पाठदुखी तुलनेने कमी असते. त्यामुळे ती टिकून राहिल्यास अधिक गांभीर्याने पाहावे लागते. पाच वर्षांखालील मुलांत मणक्यांमधील चकतीला जंतुसंसर्ग होऊ शकतो. अशा मुलाला ‘पाठ दुखते’ असे सांगता येतेच असे नाही. ते केवळ चालण्यास वा बसण्यास नकार देते. क्वचित प्रसंगी रक्ताचा कर्करोग किंवा मज्जारज्जूजवळील गाठ यांचीही सुरुवात पाठदुखीने होते.

आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार टाळता येत नाही. क्षयरोग फुफ्फुसांपुरता मर्यादित नसतो. हाडांचा क्षय सर्वाधिक प्रमाणात मणक्यांतच आढळतो. हा आजार हळूहळू वाढतो, म्हणून त्याकडे सहज दुर्लक्ष होते. उपचारांस विलंब झाल्यास मणका खचून कुबड येऊ शकते, पायांतील शक्तीही जाऊ शकते. मात्र वेळीच निदान झाल्यास बहुतेक रुग्ण औषधांनीच बरे होतात.

जमिनीवरचे नाणे

पाठीचा कणा दुखत असलेल्या मुलाचे निरीक्षण करण्याची एक सोपी रीत वैद्यकशास्त्रात परिचित आहे. जमिनीवर एखादे नाणे ठेवून मुलास ते उचलण्यास सांगावे. निरोगी मूल सहज वाकून नाणे उचलते. मणक्याचा आजार असलेले मूल पाठ ताठ ठेवते, गुडघ्यांत वाकून खाली बसते आणि उठताना मांडीवर हाताचा आधार घेते. अर्थात हे निदान नव्हे, केवळ सूचना आहे. तसेच नाणे सहज उचलले म्हणून आजार नाहीच, असेही मानू नये.

पुढील लक्षणांपैकी एकही आढळल्यास बालरोगतज्ज्ञांचा सल्ला त्वरित घ्यावा :

• वय पाच वर्षांपेक्षा कमी असणे
• रात्री झोपेतून जागे करणारी किंवा विश्रांतीनेही न थांबणारी वेदना
• ताप, वजन घटणे, भूक मंदावणे
• लंगडणे, पाठ ताठ राहणे किंवा मणक्यावर उंचवटा दिसणे
• चार आठवड्यांहून अधिक काळ टिकलेले दुखणे

पायांत अशक्तपणा आला, किंवा लघवी-शौचावरील नियंत्रण गेले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. निदान होईपर्यंत पाठ जोराने चोळणे, मालिश करणे किंवा ‘मणका बसवून’ घेणे कटाक्षाने टाळावे. मोठ्यांच्या वेदनाशामक गोळ्या मुलांना देऊ नयेत. आजाराच्या आरंभी क्ष-किरण तपासणीत दोष दिसतोच असे नाही. त्यामुळे डॉक्टरांनी एमआरआय सुचविल्यास टाळाटाळ करू नये.

उपचारांच्या खर्चाच्या धास्तीने काही कुटुंबे तपासणी पुढे ढकलतात. क्षयरोगाची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत विनामूल्य मिळतात. शिवाय निक्षय पोषण योजनेखाली उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठीचे अर्थसाहाय्य थेट बँक खात्यात जमा केले जाते. नोव्हेंबर २०२४ पासून ते दरमहा १००० रुपये करण्यात आले.

दुखणे केव्हा सुरू झाले, दिवसा होते की रात्री, कशाने वाढते, याची तारीखवार नोंद पालकांनी एका वहीत ठेवल्यास डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो. लहान मुलाला आपली वेदना नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. म्हणून त्याची तक्रार बहाणा ठरविण्यापूर्वी ते कसे चालते, कसे वाकते आणि रात्री कसे झोपते, हे पालकांनी स्वतः पाहणे अगत्याचे आहे.